बालमित्रांचं प्रेम जमवणारा नाताळ-सिनेमा : कामाचे अनुभव लिहा

शेजारी वाढलेले दोघं, ती शहरात गेलेली, नाताळला गावी परतते आणि पुढचं आपल्याला आधीच ठाऊक असतं. हॉलमार्क वाहिनीने २००९ मध्ये 'काउंटडाउन टू ख्रिसमस' हा नाताळ-सिनेमांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून अमेरिकेत अशा टीव्ही सिनेमांची रांगच लागली आहे. बरेचसे चित्रित होतात कॅनडात. अशा सिनेमांवर काम केलेल्यांनी आपापल्या कामातलं लिहा, आपलं प्रेमप्रकरण नको.

पटकथा
वीस वर्षांची ओळख, मग प्रेम आत्ताच का? अनोळखी जोडीच्या गोष्टीत ओळख होण्यातच पहिले दोन-तीन अंक (दोन जाहिरातींमधले तुकडे) निघतात. इथे ती सोय नाही. नुसत्या 'मैत्री तुटेल' या भीतीवर सिनेमा रेटला की मधला भाग बसतो. भीतीला कारण द्या : पूर्वी एकदा विचारलं होतं आणि उत्तर भलतंच ऐकू आलं.

दोन तासांच्या वेळेत सिनेमा साधारण ८४ मिनिटांचा, बाकी जाहिराती. म्हणून बहुधा नऊ अंक, आणि प्रत्येक अंक अडकवून सोडायचा. चुंबन होता होता राहतं ते मध्याच्या आसपास, खरं अगदी शेवटी. 'त्याने तिला दुसऱ्याबरोबर पाहिलं आणि निघून गेला' हा गैरसमज मात्र बालमित्रांना शोभत नाही. इतक्या जुन्या मैत्रीत माणूस सरळ फोन करून विचारतो! इथे दुरावा यायला हवा तो एकमेकांना फार ओळखल्यामुळे : 'ती शहर सोडणार नाही' हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं.

निर्मिती
वर पटकथेबद्दल लिहिलंय त्याला जोडून : बालपणाचे प्रसंग लिहिताना हात आखडता घ्या. चित्रीकरण साधारण १५ दिवसांचं; पटकथेची १०५ पानं असतील तर रोजची सात. मुलांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे दोन पानांचा फ्लॅशबॅक अख्खा दिवस खातो. झाडावर टांगायची एखादी वेडीवाकडी, लहानपणी दोघांनी केलेली वस्तू तेच काम करते. फक्त ती तीनदा दिसली पाहिजे. एकसारख्या दोन-तीन करून ठेवा, फुटतातच.

बर्फ
काम बहुतेक उन्हाळ्यात. जमिनीवर आधी पांढरं कापड अंथरायचं, वर कागदी बर्फ भुरभुरवायचा. नुसत्या कागदाने जमीन झाकायला गेलात तर माल पुरत नाही. पडणारा बर्फ म्हणजे यंत्रातून उडवलेला साबणी फेस. यंत्र घोंघावतं, म्हणून संवादाच्या वेळी ते लांब न्यायचं. पापणीवर बुडबुडा बसून फुटला की क्लोज-अप गेला. हिरवी झाडं लपवायला रात्र बरी, पण व्हँकुव्हरला जूनअखेर सूर्य नऊनंतर मावळतो. रात्रीची पानं म्हणूनच कमी ठेवा.

कपडे
कोटाचं अस्तर काढून टाका, स्वेटरऐवजी नुसती कॉलर आणि मफलर. मेकअप घामाने पहिल्यांदा वरच्या ओठावर सुटतो. चुंबनाचा शॉट सकाळी लावून घ्या.

कंटिन्युइटी (दर शॉटला सगळं जसंच्या तसं ठेवणं)
कोकोचे मग रिकामे देऊ नका. नट ते कागदाच्या कपासारखे हलवतात आणि खोटेपणा लगेच दिसतो. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, वर फेस. मार्शमॅलो विरघळतात, तेव्हा दर टेकला नवे, तेवढेच, मोजून.