क्रोशाची डबल बेडची चादर: ऑर्डर घेऊ का, आणि भाव किती सांगू?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बेनच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, कमुरतां (लग्नाला अशुभ मानलेला धनुर्मास) लागायच्या आत. करियावरात (मुलीला लग्नात द्यायच्या सामानात) द्यायला त्यांना क्रोशाची चादर हवी आहे. बेड सहा बाय साडेसहा फुटांचा, खाली सोडायचं धरून ९० बाय ९६ इंच. मोतिया रंग आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्ये मरून फूल. आजवर मी तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, बाळांच्या टोप्या विकल्यात, एवढं मोठं काम पहिलंच.

नमुन्याचा चौकोन करून दाखवला: सहा इंची, आठ पदरी सूत, साडेतीनची सुई. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, मागची गाठसुद्धा शोधली! मग म्हणाल्या, "बहु सरस! पण मशीननुं तो बे हजारमां मळे छे, बेन." हाताचं आहे म्हणून सहा हजार देतील. मला हे कमी वाटतंय, पण किती कमी ते सांगता येत नाही. शिवाय सबंध एकसंध विणू की चौकोन जोडू?

वाडीतली काकू
अगं, आधी त्या नमुन्याचं वजन कर. सोनाराकडे जायला नको, किराणावाला करून देतो. आणि घड्याळ लावून दुसरा विण, पहिला नेहमी हळूच होतो.

दांडियाबाजारकर
काकू, केलं. १२ ग्रॅम भरला, वेळ २५ मिनिटं.

वाडीतली काकू
मग हिशोब समोरच आहे. ९० इंचात १५ चौकोन, ९६ इंचात १६, म्हणजे २४०. सूत २ किलो ८८० ग्रॅम. जोडणी, काठ आणि वाया जाणारं धरून साडेतीन किलोला हात घाल. सगळं एकदम आण, बिल्ल्यावरचा लॉट नंबर जुळवून. मोतियाच्या दोन लॉटमधला फरक रात्री ट्यूबलाइटखाली कळत नाही, गच्चीत उन्हात पसरलं की पट्टा उठून दिसतो.

वेळ: २४० गुणिले २५ मिनिटं, बरोबर १०० तास. ही नुसती विणाई. दोन रंग म्हणजे एका चौकोनाला चार टोकं, एकूण ९६० टोकं सुईनं आत दडवायची. हे कुणी मोजत नाही आणि इथेच मरतो आपण. जोडणी, टोकं, काठ मिळून आणखी ३० तास तरी धर. तासाला ८० रुपये लावलेस तर मजुरीच १०,४०० झाली, सूत वेगळं. सहा हजारांत सुताचे पैसे काढून तुझ्या हातात काय उरतं ते तूच बघ.

एकसंध विणू नकोस. निम्म्यावर आलं की दीड किलोचं ओझं मांडीवर, त्यात भाद्रपदातला घाम. आणि सुती वीण स्वतःच्याच वजनानं लांब होते. चौकोनांना मुक्या खांबांनी (क्रोशाच्या आखूड टाक्यांनी) जोडलंस की प्रत्येक जोडावर दोरीसारखी कड येते, ती ताण धरते. चौकोन तयार होईल तशी टोकं तिथल्या तिथे दडव, "नंतर सगळी एकदम" म्हणू नकोस.

विसार निम्मा घे, सूत आणायच्या आधी. माप, रंग, तारीख वहीत लिहून त्यांची सही. शेजारी असल्या तरी. खरं तर शेजारी आहेत म्हणूनच.

सुताचा गुंता
काकूंचा हिशोब चोख आहे, पण पंधरा हजार कोणी देत नाही हो. मी अशा वेळी गिऱ्हाइकाला दुसरी वस्तू दाखवते. त्याच चौकोनांचा पायथ्याशी टाकायचा पट्टा, १५ बाय ४ म्हणजे ६० चौकोन, आणि दोन उशांचे अभ्रे पुढच्या बाजूनेच क्रोशाचे. सहा हजारांत बसतं, पलंगावर दिसतंही छान, खाली साधी खादीची चादर.

वाडीतली काकू
हे मला पटलं. मात्र "कमी पैशात चादर" असं नको, "एवढ्यात हे" असं सांग.

मकरपुरा रोड
मरून वाचून थांबलो. (हो, मी पुरुष आहे आणि विणतो.) नमुना कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रुमाल गुलाबी झाला तर रंग सुटतोय, ते सूत परत करा, मीठ-फिटकिरीवर विसंबू नका. वाळल्यावर पुन्हा माप घ्या. सहाचा पावणेसहा झाला तर १५ चौकोनांत पावणेचार इंच गेले.

तयार चादर दोरीवर कधीच वाळत घालायची नाही, ओली दुप्पट जड होते आणि लोंबते. खाटेवर जुनं धोतर पसरून आडवी. धुणं दसऱ्यानंतरच, पावसात सुताला कुबट वास धरतो.

दांडियाबाजारकर
रुमाल कोरा निघाला! माप अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) कमी झालं, तेवढा एक फेरा मोठा करते. बेनना दोन्ही भाव सांगितले: चादर साडेचौदा, पट्टा आणि अभ्रे सहा. त्या म्हणाल्या, "एमने पूछी जोउं," म्हणजे आता साहेबांवर आहे. नवरात्रात नऊ रात्री सुई धरणार नाही, गरबे आहेत, हेही सांगून टाकलं. त्यावर मात्र लगेच हो म्हणाल्या.