येशूची तीन पदं: शास्त्रातली की नंतर बसवलेली?

वाटसरू:
येशू संदेष्टा, याजक (लोकांच्या वतीने देवाला अर्पण वाहणारा) आणि राजा, ही मांडणी ख्रिस्ती शिकवणीत इतकी रुळली आहे की ती शास्त्रातूनच आयती आली असं वाटतं. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियसने तिन्ही एकत्र सांगितली खरी, पण पक्का साचा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विनचा, त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या 1559 च्या आवृत्तीतला. पुढे 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवणीच्या पुस्तिकेने, तो पाठ करायला लावला. राजा आणि संदेष्टा शुभवर्तमानांत जागोजागी आहेत. येशूला सरळ 'याजक' म्हणणारं नव्या करारातलं पुस्तक मात्र एकच, इब्री लोकांस पत्र. एवढ्यावर तिसरा खांब उभा करायचा?

उंबरठा:
एकच कसं? स्तोत्र 110 काढा. पहिल्या ओवीत ज्या राजाला देवाच्या उजवीकडे बसवलंय, त्यालाच चौथ्या ओवीत मलकीसदेकासारखा (अब्राहामाच्या काळचा, राजा आणि याजक दोन्ही असलेला) कायमचा याजक म्हटलंय. एरवी राजा आणि याजक वेगळेच ठेवलेले. उज्जीया राजा मंदिरात स्वतः धूप जाळायला गेला, ऐंशी याजकांनी त्याला अडवलं, आणि धुपाटणं हातात असतानाच कपाळावर कोड उठलं (2 इतिहास 26). दोन्ही पदं एकाकडे येणं केवढी मोठी गोष्ट, ते यावरून कळतं.

वाटसरू:
आणि दावीद? त्याने तागाचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, घालून देवाच्या पवित्र कोशापुढे (कराराच्या पेटीपुढे) नाच केला, होमार्पणं वाहिली (2 शमुवेल 6). त्याला नाही कोड उठलं! ही भिंत तुम्ही म्हणता तेवढी पक्की नव्हती. शिवाय मार्क 12 मध्ये येशू त्या स्तोत्राची पहिलीच ओवी घेतो. चौथीवर भर देतो तो इब्रीकार.

जुनी_वही:
दोघेही कॅल्विनपाशी अडकलात. मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुंडाळ्यांत, एका यहुदी पंथाच्या नियमावलीत, एक संदेष्टा आणि अहरोन व इस्राएलाचे अभिषिक्त (म्हणजे याजक आणि राजा) येण्याची वाट पाहिलेली आहे. भूमिका तीन, माणसंही बहुधा तीन. म्हणजे कप्पे आधीचेच; ते एकाच माणसात भरणं हे ख्रिस्ती पाऊल. यहुदी आक्षेप तर याहून साधा आहे: राजा आला म्हणता, मग यशयाने सांगितल्याप्रमाणे तलवारींचे नांगराचे फाळ, म्हणजे जगात शांती, झाली कुठे?

उंबरठा:
राज्य या जगाचं नाही, हे येशूने रोमी सुभेदार पिलातासमोरच सांगून झालंय. बाकीचं त्याच्या पुनरागमनाच्या वेळी.

जुनी_वही:
हे उत्तर नव्हे, मुदतवाढ.

उंबरठा:
म्हणा. पण इब्री 10 नीट वाचा. निवासमंडपात, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूत, समई होती, मेज होतं, धूपवेदी होती. याजकाला बसायला काही नव्हतं, कारण काम संपतच नसे. येशू एकदाच अर्पण करून बसला, तेही देवाच्या उजवीकडे. याजकाचं काम संपणं आणि राजाचं बसणं एकाच वाक्यात आहे. कॅल्विनने जोडायला शिल्लक काय ठेवलंय?

वाटसरू:
दोन पदं जोडलीत, मान्य. पण त्या वाक्यात संदेष्टा कुठेय? आणि पुरावा पुन्हा इब्रीतलाच दिलात.