यूकेत कौन्सिलचं घर नेमकं कोणाला मिळतं?

मिताली_यूके:
नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये वन बेडच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतोय, मी, नवरा, मुलगी ११ ची आणि मुलगा ९ चा. मुलं बेडरूममध्ये बंक बेडवर, आम्ही दोघं हॉलमध्ये, रात्री जेवणाचं टेबल भिंतीला सरकवल्याशिवाय सोफा बेड उघडतच नाही. त्यात खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, ब्लीचने पुसली तरी परत येतेच, आणि मुलाला दमा आहे. आयएलआर (इथे कायमचं राहण्याचा परवाना) मिळाल्यावर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, स्वस्त भाड्याच्या घरासाठी अर्ज केला तर एकदम खालचा बँड (गरजेनुसार ठरणारा गट) दिलाय. आमच्यानंतर अर्ज केलेल्या एका कुटुंबाला मात्र घर मिळालंसुद्धा. हे ठरवतात कसं? म्हाडासारखी सोडत असते का? नगरसेवकाला भेटून काही होतं का?

लीस्टरकर:
मिताली ताई, मी इथल्या एका सल्ला केंद्रात व्हॉलंटियर म्हणून बसतो, रोज हाच प्रश्न येतो. सोडत नाही आणि साधी रांगही नाही, आधी गरज बघतात आणि मग तारीख. १९९६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे प्रत्येक कौन्सिलला आपली अ‍ॅलोकेशन स्कीम, म्हणजे घरवाटपाची नियमावली, लेखी ठेवावी लागते आणि काही लोकांना प्राधान्य द्यावंच लागतं, म्हणजे बेघर झालेले, दाटीवाटीत किंवा आरोग्याला वाईट अशा घरात राहणारे, आजारपण किंवा अपंगत्वामुळे घर बदलायची गरज असलेले, आणि ठरावीक भागात गेलं नाही तर हाल होतील असे. यात कोणाला कुठला बँड हे कौन्सिल ठरवते, शिवाय २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टनंतर यादीत कोणाला घ्यायचं हेही बरंचसं त्यांच्याच हातात गेलंय, कुठे दोन वर्षं त्या भागात राहिलेलं चालतं तर कुठे पाच लागतात.

बहुतेक ठिकाणी रिकाम्या घरांची जाहिरात येते, तुम्ही 'बिड' करायची, यात पैशाचा काही संबंध नाही, फक्त हे घर आम्हाला हवंय असं कळवायचं. बिड केलेल्यांत ज्याचा बँड वरचा तो आधी, बँड सारखा असेल तर ज्याची तारीख जुनी तो. म्हणून तुमच्यानंतर आलेल्यांना घर आधी मिळू शकतं, त्यांच्या घरात कोणी व्हीलचेअरवर असेल, आपल्याला काय माहीत. त्यांचा राग धरू नका. इंग्लंडभर १३ लाखांच्या वर कुटुंबं यादीत आहेत, १९८० पासून राइट टू बायमध्ये (भाडेकरूला राहतं कौन्सिलचं घर विकत घ्यायचा हक्क) लाखो घरं विकली गेली आणि तेवढी नवीन बांधलीच नाहीत, खरं दुखणं हे आहे.

तुमच्या केसमध्ये मला बँडच चुकीचा वाटतोय. बऱ्याच स्कीममध्ये १० वर्षांच्या पुढे मुलगा-मुलगी एका खोलीत धरत नाहीत, म्हणजे तुम्हाला तीन बेडरूमची गरज आणि हातात एक. पत्रात काय लिहिलंय ते नीट बघा.

सागर_एन:
आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, आम्हीपण टाकू का अर्ज?

लीस्टरकर:
सागर, नको. तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स, म्हणजे ठरावीक सरकारी मदत, घ्यायची नाही अशी अट असते आणि कौन्सिलचं घर त्यातच येतं. पुढच्या व्हिसाला उगाच त्रास होईल.

बेलफास्टवाला:
नगरसेवकाचं विचारलंत म्हणून लिहितो, कारण त्या प्रश्नावरून आमच्या नॉर्दर्न आयर्लंडचा इतिहास बदललाय. पूर्वी इथे घर कोणाला द्यायचं हे कौन्सिलर ठरवायचे, आणि तेव्हा कौन्सिलच्या निवडणुकीत मत कोणाला, तर घराचा कर भरणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला, म्हणजे घर दिलं की मत दिलं! जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात एक घर १९ वर्षांच्या, लग्न न झालेल्या प्रोटेस्टंट मुलीला दिलं, ती युनियनिस्ट पक्षातल्या (ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारा, मुख्यतः प्रोटेस्टंटांचा सत्ताधारी पक्ष) एका वकिलाकडे सेक्रेटरी होती, आणि तिकडे लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं घरासाठी ताटकळत होती. ऑस्टिन करी नावाचे आमदार त्या घरात घुसून बसले, पोलिसांनी ओढून बाहेर काढलं, आणि दोन महिन्यांत कोलआयलंड ते डंगॅनन असा नागरी हक्कांचा पहिला मोर्चा निघाला. १९७१ मध्ये घरवाटप कौन्सिलांकडून काढून हाउसिंग एक्झिक्युटिव्ह या वेगळ्या सरकारी संस्थेला दिलं, आता इथे पॉइंट्स मोजतात. म्हणून कोणी म्हणालं की नियम फार किचकट आहेत तर मला ते किचकट नियमच बरे वाटतात, निदान कागदावर बोट ठेवून भांडता येतं. इंग्लंडमध्येही कौन्सिलर घर देऊ शकत नाही, पण फाइल अडकली असेल तर ऑफिसला जाब नक्की विचारू शकतो, तेवढ्यासाठी जरूर भेटा.

मिताली_यूके:
खूप आभार दोघांचे! पत्र काढून वाचलं, त्यात लिहिलंय 'घरात झोपण्यायोग्य दोन खोल्या आहेत, कायद्याने दाटी नाही'. म्हणजे हॉल धरला का यांनी? आणि दम्याचा कुठे उल्लेखच नाही, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी तर जोडली होती.

लीस्टरकर:
हो, हॉल धरला. कायद्यातली दाटीची व्याख्या मूळ १९३५ सालची आहे, त्यात हॉलसुद्धा झोपायची खोली आणि १० वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धा माणूस! तुमचा मुलगा त्यांच्या हिशोबात अर्धाच आहे, पण तरी तुम्ही साडेतीन होता आणि त्या कायद्यात दोन खोल्यांत तीनच माणसं चालतात, म्हणजे पत्रातलं 'दाटी नाही' हेही चुकीचं दिसतंय. शिवाय बँड देताना बहुतेक कौन्सिलांच्या स्कीममध्ये वेगळा, बेडरूमचा हिशोब असतो. वेबसाइटवरून तुमची स्कीम डाउनलोड करा, बेडरूम स्टँडर्डचं पान शोधा आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं घालून रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. तो कायद्याने तुमचा हक्क आहे, मुदत साधारण २१ दिवसांची असते, पत्रावरची तारीख आजच बघा. जीपीने फक्त 'मोठं घर हवं' लिहिलं तर कोणी बघत नाही, बुरशीमुळे दमा कसा वाढतो, इनहेलर किती वाढला, हॉस्पिटलला न्यावं लागलं का, असं लिहून घ्या. बुरशीचे तारखेसकट फोटो आणि घरमालकाला केलेले ईमेलही जोडा. आणि मधेच घरमालकाने घर सोडा म्हटलं तर लगेच सोडू नका, आधी शेल्टर या घरांच्या प्रश्नावर मदत करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन, नाहीतर जाणूनबुजून बेघर झालात असा शेरा मारतात आणि मग फार अवघड जातं. रिव्ह्यूचा मसुदा झाला की नावपत्ता काढून इथे टाका, आज रात्री वाचून देतो.