विषय : सोलरचं ३० टक्के क्रेडिट – पैसे डिसेंबरात, पॅनेल जानेवारीत

नमस्कार मंडळी,
इथे न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या आमच्या घरावर सोलर बसवलं. कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमधलं, शेवटचा हप्ताही डिसेंबरातच दिला; पण परमिट रखडलं आणि पॅनेल छतावर चढली जानेवारी २०२६ मध्ये. खर्च २८,००० डॉलर. सेल्समन म्हणतो, पैसे २०२५ मध्ये भरलेत, तर त्याच वर्षाच्या टॅक्स रिटर्नमध्ये ३० टक्के क्रेडिट (टॅक्समधून थेट वजावट), म्हणजे ८,४०० डॉलर, बिनधास्त घ्या. खरं आहे का?
शिवाय नाशिकला आईबाबांच्या बंगल्यावरही पॅनेल लावली, पैसे मी पाठवले. तेही इथे दाखवता येतील का?
– प्रसाद

---

प्रसाद,
त्या सेल्समनच्या नादी लागू नकोस. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने हे घरगुती क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद केलं. (२०२२ च्या कायद्याने ते २०३४ पर्यंत दिलं होतं, म्हणून सगळे निवांत होते.) आणि खर्च 'झाला' कधी, तर चेक वटला तेव्हा नाही, इन्स्टॉलेशन पूर्ण झालं तेव्हा. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, हे स्पष्ट लिहून ठेवलंय. उद्या नोटीस आली तर क्रेडिट परत, वर व्याज, दंड वेगळा. तेव्हा हा गृहस्थ फोन उचलणार नाही.

नाशिकचं विसर. घर अमेरिकेतच हवं. तिकडे मात्र पीएम सूर्यघरमधून ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. वीजमीटर ज्यांच्या नावावर, त्यांच्याच खात्यात ती जमा होते; पॅनेलही भारतीय बनावटीची लागतात. बाबांनी अर्ज केलाय का, आधी ते विचार.
– सुहासकाका

---

काकांना दुजोरा. पण प्रसाद, फेडरल (केंद्र सरकारचं) क्रेडिट गेलं म्हणून सगळंच गेलं असं नाही. बिल काढून बघ, ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लावलाय का? न्यू जर्सीत सोलरच्या सामानाला तो माफ आहे. सोलरमुळे घराची किंमत वाढली तरी त्यावर प्रॉपर्टी टॅक्स लागत नाही, पण त्यासाठी टाउनच्या असेसरकडे (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज द्यावा लागतो. आपल्यातले निम्मे लोक तो देतच नाहीत, असा माझा दाट संशय आहे. आणि पॅनेलने बनवलेल्या दर १,००० युनिट विजेमागे विकता येणारं एक सर्टिफिकेट मिळतं, १५ वर्षं. त्याची नोंदणी काम सुरू होण्याआधीच व्हावी लागते. तुझ्या इन्स्टॉलरने केली होती ना?

ज्यांचं काम २०२५ मध्येच पुरं झालं त्यांनी फेडरल क्रेडिटसाठी फॉर्म ५६९५ भरायचा. टॅक्सच कमी निघाला तर उरलेलं क्रेडिट पुढच्या वर्षी नेता येतं, रिफंड म्हणून हातात पडत नाही. आणि पॅनेलसोबत नवीन शिंगल (छतावरचं साधं आच्छादन) घातले असतील तर ते पैसे यात घुसडू नका, चालत नाही.
– मेधा

---

मेधाताई, आमच्याकडे आता लीजवाले, म्हणजे पॅनेल भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे लोक, बेल वाजवताहेत. 'क्रेडिट अजून चालू आहे' म्हणतात.
– लीना

---

लीना, चालू आहे ते त्यांच्यासाठी. पॅनेलची मालकी कंपनीची, म्हणून क्रेडिटही कंपनीचं. ते तुझा मासिक दर त्यामानाने कमी करतात का, एवढाच प्रश्न. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार ते कलम वाच, आणि मधेच घर विकलं तर लीज नव्या मालकाच्या गळ्यात कशी घालायची तेही. आमच्या शेजाऱ्यांचा सौदा नेमका तिथेच अडकला होता.
– मेधा

---

काका, मेधाताई, आभार. सेल्स टॅक्स नाही लावलाय, हुश्श! असेसरचा अर्ज उद्याच देतो. इन्स्टॉलर आता म्हणतो, 'पॅनेलखालचे रॅक डिसेंबरात लावले होते, म्हणजे काम झालंच होतं.'
– प्रसाद

---

नुसते रॅक म्हणजे पूर्ण इन्स्टॉलेशन? त्याला म्हणावं, हे तुझ्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून दे. दिलंच, तरी रिटर्न भरण्याआधी ते आणि इन्स्पेक्शनचा कागद सीपीएला (टॅक्सचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) दाखव.
– सुहासकाका