मदत हवी आहे: आयन थ्रस्टरचा जोर खात्रीने मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

2018 मध्ये एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या टीमने 5 मीटर पंखांचं, अडीच किलोच्या आतलं विमान बंद हॉलमध्ये 60 मीटर उडवलं, ना प्रोपेलर ना जेट, नुसते 40 हजार व्होल्ट आणि आयनांनी (विद्युतभार असलेल्या कणांनी) तारेकडून पट्टीकडे ढकललेली हवा, हाच आयन थ्रस्टर. ते वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये.

माझा सेटअप असा. जुन्या टीव्हीचा ईएचटी (पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा सप्लाय), अंदाजे 18 हजार व्होल्ट डीसी. वर 0.1 मिमीची तांब्याची तार, लांबी 40 सेंमी, आणि तिच्या 3 सेंमी खाली स्ट्रॉवर गुंडाळलेली किचन फॉइल. तार प्लसला, फॉइल अर्थला, फ्रेम बाल्सा लाकडाची. अगरबत्ती धरली की धूर फॉइलवरून झपकन खाली फेकला जातो, म्हणजे वारा नक्की आहे.

अर्थच्या बाजूच्या मीटरवर 0.4 मिलीअँपिअर दिसतात. जोर = करंट × अंतर ÷ आयनांची मोबिलिटी, हवेत मोबिलिटी (फील्डमध्ये आयन किती वेगाने सरकतात ते) साधारण 0.0002 चौ. मीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरली तर 0.06 न्यूटन, म्हणजे 6 ग्रॅम यायला हवेत. पण डिजिटल काट्यावर ठेवून सप्लाय चालू केला की आकडे नुसते नाचतात, कधी वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलंच दाखवतो. मला विमान वगैरे नाही उडवायचं, एक विश्वासाचा आकडा हवाय, कारण तो नसेल तर तार बदलून किंवा गॅप बदलून फरक पडला की नाही हे कळणारच कसं?

सेफ्टीचं: सप्लाय बंद केल्यावर अर्थची दांडी लावल्याशिवाय हात लावत नाही, ओझोनसाठी खिडक्या उघड्या असतात.

प्रतिसाद १
काट्याचं सर्किट त्या विद्युत फील्डमध्ये गडबडणारच, तो नादच सोड. फ्रेम आडवी करून नायलॉनच्या दोऱ्यांनी टांग, वारा बाजूला जाईल असा. फ्रेम 50 ग्रॅमची आणि दोरा 1 मीटरचा असेल तर 6 ग्रॅम जोराला साधारण 12 सेंमी सरकेल, पट्टीने मोजता येतं. भिंतीपासून लांब टांग, नाहीतर स्टॅटिकने भिंतीकडेच ओढली जाते. मग फ्रेम उलटी फिरवून दुसऱ्या बाजूचं रीडिंग घे आणि सरासरी काढ, भिंतीची ओढ त्यात कटून जाईल. वरून येणाऱ्या प्लसला मऊ सिलिकॉन वायर वापर, उघडी बारीक तार वाटेतच कोरोना (हवेत होणारी विजेची गळती) सोडते.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण करंटवर आंधळा भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात बाल्सा ओलावा धरतं आणि थोडा करंट लाकडातूनच जातो, तो मीटरवर दिसतो पण जोर काहीच देत नाही, म्हणून हिशोब फुगतो. एमिटर तार (वरची, आयन सोडणारी) काढा, फ्रेम तशीच ठेवून तितकेच व्होल्ट द्या, जे दिसेल ती गळती. जास्त असेल तर फ्रेम अॅक्रिलिकची करा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! आधी गळती तपासतो. तार काढल्यावर प्लसच्या उघड्या टोकातून कोरोना होऊ नये म्हणून तिथे गोल धातूचा मणी बसवला तर चालेल ना?