मदत हवी आहे: कर्नल कॉन्फिगमध्ये एक ऑप्शन मागूनही मिळत नाही, दुसरा डिपेंडन्सी नसताना चालू होतो

नमस्कार मंडळी,

परळला हिंदमाताजवळ आमची सोसायटी आहे. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की रस्त्यावरचं पाणी गेटमधून आत येतं आणि थेट जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत शिरतं. पाणी झाकणापर्यंत पोचायच्या आत वॉचमन आणि सेक्रेटरींना कळावं, म्हणून आम्ही तिघं एका एआरएम बोर्डावर पातळी मोजणारं यंत्र बांधतोय. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात वायफाय, दुसऱ्यात यूएसबीचा जीएसएम मोडेम, कारण वीज गेली की वायफाय जातं आणि यंत्राची गरज नेमकी तेव्हाच असते. लिनक्स कर्नल ६.१ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). एक मूळ कॉन्फिग आहे, म्हणजे कर्नलच्या ऑप्शनची यादी: वाय म्हणजे कर्नलमध्येच बांधलेला, एम म्हणजे नंतर चढवायचं वेगळं मॉड्यूल, एन म्हणजे बंद. त्यावर प्रत्येक बोर्डाचा छोटा फ्रॅगमेंट (फक्त वेगळ्या ओळींची फाइल) मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टने चढवतो. इमेज लहान राहावी म्हणून मूळ कॉन्फिगमध्ये बरंच काही मॉड्यूल म्हणून ठेवलं आहे.

जीएसएमच्या फ्रॅगमेंटमध्ये यूएसबी_सिरियल_ऑप्शन (जीएसएम मोडेमचा ड्रायव्हर) वाय मागितलाय. मर्ज झाल्यावर स्क्रिप्ट सांगते की मागितलं वाय, प्रत्यक्षात एम. कारण समजलं: तो यूएसबी_सिरियलवर अवलंबून आहे, आणि तो आमच्याकडे एम आहे. डिपेंड्स ऑन ही वरची मर्यादा. आधारच मॉड्यूल असेल तर त्यावरचा ड्रायव्हर बिल्ट-इन होणार नाही. हे पटतं. पण स्क्रिप्ट एवढं छापून शून्य एक्झिट कोडने संपते, मेक पुढे चालत राहतं आणि बिल्डच्या लॉगमध्ये तो इशारा कुणाच्या नजरेस पडत नाही.

खरी डोकेदुखी सेन्सरच्या ड्रायव्हरची आहे. तो आम्हीच लिहिलेला, आयटूसीवर (चिप जोडणारी दोन तारांची बस) चालणारा. केकॉन्फिगमध्ये (ऑप्शन आणि त्यांचे नियम लिहायची फाइल) तो ट्रायस्टेट आहे, म्हणजे वाय, एम, एन तिन्ही चालतात, आणि खाली फक्त ‘सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी’ अशी ओळ (आयटूसीवरून रजिस्टर वाचायचा सामायिक कोड आपोआप चालू करणारी). मूळ कॉन्फिगमध्ये आयटूसी एम, आणि बूट होताच वाचन सुरू व्हावं म्हणून ड्रायव्हर वाय. इथे सगळं उलट घडतं. सिलेक्टमुळे रेगमॅप_आयटूसी सक्तीने वाय होतो. त्याची स्वतःची डिपेंडन्सी आयटूसी आहे, पण ती कुणी विचारात घेत नाही. ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज डिटेक्टेड’ असा इशारा येतो, कंपाइल पार पडतं आणि शेवटी लिंक करताना आयटूसी_ट्रान्सफर, आयटूसी_रजिस्टर_ड्रायव्हर ही आयटूसीची फंक्शन्स सापडत नाहीत म्हणून बिल्ड कोसळतं. रेगमॅप_आयटूसी फ्रॅगमेंटमध्ये एम लिहून पाहिला, तर ती ओळ जणू नव्हतीच.

एक सहकारी म्हणतोय, सरळ ‘सिलेक्ट आयटूसी’ लिहून टाकू. मला ते धोक्याचं वाटतं, पण नेमकं का ते त्याला पटवता येत नाहीये. तेव्हा विचारायचं ते हे: सिलेक्ट कुठे वापरायचा आणि डिपेंड्स ऑन कुठे? आणि मागितलेलं मिळालं नाही तर बिल्ड तिथेच थांबावं यासाठी तुम्ही काय करता? पावसाळ्याआधी यंत्र गेटवर बसवायचं आहे.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. सिलेक्ट ही खालची मर्यादा. तो समोरच्या सिंबॉलच्या (ऑप्शनच्या) डिपेंडन्सी न पाहताच त्याला वर ढकलतो. म्हणून कर्नलच्या दस्तऐवजातच सांगितलंय की सिलेक्ट शक्यतो ज्यांना प्रॉम्प्ट (मेन्यूत दिसणारी ओळ) नाही किंवा ज्यांना स्वतःच्या डिपेंडन्सी नाहीत अशा सिंबॉलपुरताच ठेवा. रेगमॅप_आयटूसीला प्रॉम्प्ट नाही, म्हणून तुमची फ्रॅगमेंटमधली ओळ टाकून दिली जाते. त्याची किंमत फक्त सिलेक्ट करणारे ठरवतात. तो सिलेक्ट तसाच राहू द्या, पण ज्याला सिलेक्ट करता त्याची डिपेंडन्सी स्वतःवर घ्या: वर ‘डिपेंड्स ऑन आयटूसी’ लिहा. कर्नलमधले आयटूसीचे ड्रायव्हर उघडून पाहा, ही जोडी जागोजागी दिसेल. आयटूसीला मात्र सिलेक्ट करू नका. तो मेन्यूत दिसणारा, वापरणाऱ्याने ठरवायचा ऑप्शन आहे, आणि बाकीचे बहुतेक ड्रायव्हर त्यावर डिपेंड्स ऑन ठेवतात. एकाने सिलेक्ट आणि दुसऱ्याने डिपेंड्स ऑन असं मिसळलं की कधीतरी ‘रिकर्सिव्ह डिपेंडन्सी’ची एरर येते आणि ते वर्तुळ सोडवायला फार वेळ जातो.

आता आयटूसी एमच राहिला तर तुमचा ड्रायव्हरही गुपचूप एम होईल. तेव्हा मूळ कॉन्फिगमध्ये आयटूसी वाय करा, तुमच्या बोर्डाचा आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हरही वाय करा, आणि जीएसएमच्या फ्रॅगमेंटमध्ये यूएसबी_सिरियल वाय. मेन्युकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या ऑप्शनचा मेन्यू) स्लॅश दाबून नाव शोधलंत की कोण कशावर अवलंबून आणि कुणी सिलेक्ट केलंय ते एकाच पानावर दिसतं. बिल्ड थांबवायला मर्जचं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि ‘नॉट इन फायनल’ किंवा ‘अनमेट डायरेक्ट’ सापडलं तर स्क्रिप्टनेच बाहेर पडू द्या. नव्या कर्नलमध्ये इशाऱ्यालाच एरर मानणारं केकॉन्फिग_वेरर आहे, ६.१ मध्ये नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. डिपेंड्स ऑन घातला, मूळ कॉन्फिग बदललं, दोन्ही बोर्डांची इमेज तयार झाली. सहकाऱ्यालाही हा प्रतिसाद दाखवला, त्याला पटलं. आता एक उपप्रश्न. मूळ कॉन्फिग आम्ही सेव्हडेफकॉन्फिगने (कॉन्फिगची छोटी प्रत काढणारी आज्ञा) जपतो, आणि त्यात डीफॉल्टइतक्याच किमतीच्या ओळी गळतात. उद्या ६.१ वरून पुढच्या एलटीएसवर गेलो आणि तिथे एखाद्या ऑप्शनचा डीफॉल्ट बदललेला असला, तर आम्हाला हवी ती किंमत न सांगता बदलेल. अशा ओळी फ्रॅगमेंटमध्ये हाताने लिहून ठेवता, की दोन पूर्ण कॉन्फिग डिफकॉन्फिगने ताडून पाहता?