मदत हवी आहे: मुलींच्या खो-खो संघासाठी टी-शर्ट, सूर मारला तरी चित्र टिकेल असा

नमस्कार मंडळी,

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींचा खो-खो संघ आहे. मी पूर्वी खेळायचे, म्हणून संध्याकाळी त्यांचा सराव घेते. भारताकडून खो-खो खेळलेल्या सारिका काळे आमच्याच जिल्ह्याच्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आमच्या गावात मुलीला मैदानावर पाठवा म्हणून कुणाच्या दारात विनवण्या कराव्या लागत नाहीत. थंडीत स्पर्धा आहेत आणि १५ टी-शर्ट करून घ्यायचे आहेत.

आधीचे टी-शर्ट कुणीतरी प्रेमाने दिले होते, पण पांढरे आणि पातळ. घाम आला की आरपार दिसायचं. सहावी-सातवीतल्या मुली तोंडाने सांगत नाहीत, पण दोन्ही हात छातीशी धरून पळणारी मुलगी मला लांबूनही कळते. समोरचं मोठं नाव मुरमाच्या मैदानावर सूर मारून मारून सोललं, त्याच्या कडा टोचायला लागल्या.

या वेळी चित्र मुलींनीच काढलंय. खांबाला वळसा घालणारी मुलगी, वेणी हवेत. मला ते आहे तसंच छातीवर हवंय. खर्चाला हातभार लावणाऱ्या खताच्या दुकानदारांना तिथे दुकानाचं नाव हवंय. माणूस चांगला आहे, त्यांना दुखवायचं नाही. एका टी-शर्टामागे साधारण ३५० रुपये जमतील. कापड कुठलं घ्यावं, छपाई कुठली, आणि वहीतलं चित्र छापण्यासारखं कसं करायचं?

प्रतिसाद

ताई, मी छपाईच्या धंद्यात आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम बनते. १५ नगांसाठी तो खर्च अंगावर येतो. डीटीएफ स्वस्तात होईल, एकेक नगही होतो, पण त्यात चित्र फिल्मवर छापून, गोंदाची पावडर लावून, हीट प्रेसने कापडावर चिकटवतात. म्हणजे थर वर बसतो. तुमच्या मुली छातीवर पडणार, तर तो थर मातीला घासणारच. शिवाय मोठा भरीव ठसा असला की त्याखाली घाम कोंडतो.

तुम्ही सब्लिमेशन करा. उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. हात फिरवला तर छपाई लागत नाही, त्यामुळे सोलण्यासारखं काही उरतच नाही. सुती कापडावर हे होत नाही आणि गडद कापडावरही नाही. गडद निळा हवा असेल तर पांढऱ्या कापडाच्या पुढच्या-मागच्या भागांवर तो रंग आणि चित्र एकदमच छापतात, मग शिवतात. दुकानात ‘फुल सब्लिमेशन जर्सी’ म्हणून विचारा. काही जण ठरावीक नगांच्या खाली ऑर्डर घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या. सोलापूर तुम्हाला जवळ आहे. तिथे जाऊन कापड ओलं करून, खाली तळहात धरून उन्हात बघा. बोटं दिसली तर ते घेऊ नका, विकणारा काहीही म्हणो.

प्रतिसाद

चित्राबद्दल. काळ्या स्केचपेनने पांढऱ्या कोऱ्या कागदावर पुन्हा काढून घ्या, आणि ते त्याच मुलीकडून. झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर स्कॅन होईल. इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ‘ट्रेस बिटमॅप’ केलं की चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. रेषा गुळगुळीत करायचा मोह मात्र टाळा. हाताची थरथर गेली तर ते चित्र कुणाचंही होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होतं.

मराठी अक्षरांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की पुष्कळदा ‘जिल्हा’मधली वेलांटी घसरते, ‘क्रीडा’चा क्र तुटतो. बलू किंवा मुक्त हे देवनागरी फाँट मोफत मिळतात. जाड वजनाचं अक्षर घ्या, मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ द्या. मग फाँट नसला तरी अक्षर हलत नाही. छापण्याआधीचा नमुना संघातल्या एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला लावा.

प्रतिसाद

मीही खेळलेय, म्हणून लिहिते. चित्र गळ्याखाली चार बोटांवर घ्या, पोटापर्यंत आणू नका. चौकोनात बसल्यावर पोटाकडचा भाग दुमडतो आणि अर्धं चित्र दिसत नाही. पाठीवर नंबर मोठा आणि साध्या आकड्यांत हवा. पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात, गुणलेखकाला लांबून वाचता आलं पाहिजे. लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त सांगा, म्हणजे चड्डीत खोचला तर सूर मारताना वर सरकणार नाही. रॅग्लन बाही, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली, मिळाली तर फार बरं, हात पुढे टाकताना काखेत ओढ बसत नाही.

माप वयावरून घेऊ नका. प्रत्येकीला नीट बसणारा तिचा एखादा टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. मुली लाजत नाहीत आणि माप बरोबर येतं.

दुकानदारांचं नाव पाठीवर नंबराखाली द्या. प्रेक्षकांना मुली पळताना पाठमोऱ्याच जास्त दिसतात, हे त्यांना सांगून बघा. शालेय स्पर्धेत अशी नावं चालतात का, ते संयोजकांना आधी विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदारांशी बोलले. पाठीवर नाव चालेल म्हणाले, आणि छातीवरचं चित्र कुणी काढलं तेही विचारलं. संयोजकांना उद्या विचारते. सब्लिमेशन नक्की, रंग गडद निळा, चित्र पांढऱ्या रेषेत. मुलींना वेणीला लाल रिबीन हवीय. सब्लिमेशनमध्ये निळ्याशेजारी बारीक लाल रेघ स्वच्छ उठते का, की दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात? कुणी छापून पाहिलं असेल तर नमुन्याचा फोटो टाकाल का?